रंकाळ्यावरची मोफत शुगर तपासणी आणि ‘डायबेटिक गूळ’

घरातलं कुणी शुगरचं पेशंट असेल आणि सकाळी कोल्हापुरातल्या रंकाळ्यावर फिरायला जात असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. आमच्या अण्णांना या लोकांनी कसं गाठलं ते सविस्तर लिहितेय, कारण त्यात संशय यावा असं वरवर काहीच दिसत नाही.

तलावाच्या कडेला एक टेबल, मागं बॅनर, पांढरे कोट घातलेली दोन पोरं. बोटाला सुई टोचतात, आकडा सांगतात आणि वहीत नाव, मोबाइल नंबर, गोळ्या कधीपासून चालू आहेत, सगळं उतरवून घेतात. ‘मोफत’ तपासणीची वसुली त्या वहीतून होते. मग फोन सुरू होतात. आपला आकडा त्यांच्याजवळ असतोच, त्यामुळं बोलणं थेट डॉक्टरांच्या थाटात. “काका, साखर म्हणजे पांढरं विष. आमचा गूळ चहात दोन चमचे घाला, वर खडा तोंडात टाका, शुगर एक पॉइंट हलणार न्हाई!”

गुळाच्या गावात राहून वर्षानुवर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाला याहून गोड काय ऐकवणार? अण्णांनी जोडी मागवली. चॉकलेटी रंगाच्या ‘डायबेटिक गूळ पावडर’चा डबा आणि सोबत ‘शंभर टक्के नैसर्गिक स्टीव्हिया’ची, म्हणजे एका गोड पानाच्या अर्काची, बाटली. त्या पैशात मार्केट यार्डातून चार-पाच किलो चांगला गूळ आला असता. डिलिव्हरीला आलेल्या पोरानं बिल दिलं नाही, एका चिठ्ठीवर पेनानं आकडा लिहून दिला.

चहा गोड झाला, मग शेंगदाण्याचे लाडू झाले, मग रात्री जेवणावर खडा. अण्णांची उपाशीपोटीची शुगर १३०-१४० च्या आसपास असायची, ती २१० वर गेली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात नवीन काय? मी डबा पुढं केला. त्यांनी लेबल वाचायची तसदीही घेतली नाही. म्हणाले, “गूळ आहे ना? मग ही साखरच.”

त्या टेबलावर एक प्रयोग करून दाखवतात, तो नीट समजून घ्या. एका ग्लासात बाजारचा पिवळा गूळ, दुसऱ्यात यांचा. दोन्हीत लिंबू पिळायचं. बाजारच्या गुळाला फेस येतो, यांचा शांत. बघणारे माना डोलावतात. आता, लिंबानं फेस येतो तो गुळात खडूची पूड किंवा सोडा असेल तर. साखर मिसळलेली असेल तर लिंबू ढिम्म काही सांगत नाही. पाण्यात विरघळवून बघायचा उपायही तसाच. गूळ बहुतांशी सुक्रोजच, साखरही सुक्रोजच, दोन्ही विरघळणारच. मधाची ‘पाण्याच्या ग्लासातली परीक्षा’ याच जातीची. तांदळाचा सिरप घातलेला मधसुद्धा ऐटीत तळाशी जाऊन बसतो. ही भेसळ प्रयोगशाळेतच कळते.

माझे मामा करवीर तालुक्यातले, उमेदीची वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढलेले. पावडरीसोबत नमुना म्हणून एक छोटा रवा, म्हणजे गुळाची ढेप, आला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी फरशीवर आपटला. चांगला गूळ असा ठिसूळ काचेसारखा तडकत नाही. तुटलेल्या कडेवर उन्हात बारीक कण चमकत होते. मामांनी एक कण दाताखाली धरला. “पोरी, रसाच्या काहिलीत साखर ओतलीया. आन् रंग म्हणशील तर पाक जरा जादा चढवला की हुतो काळा.” म्हणजे जो काळपट रंग बघून आपण ‘केमिकल नाही’ असं धरून चालतो, तो करपवूनही आणता येतो. उलट पिवळाधमक म्हणजे शुद्ध, असंही नाही. रंग उजळायला हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर मारतात. पूर्वी रस निवळायला भेंडीचा चीक आणि चुन्याची निवळी असायची, अजूनही काही गुऱ्हाळांवर असते. साखर गुळापेक्षा स्वस्त पडते तेव्हा ती काहिलीत जाते, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण डब्यावर ‘कोल्हापुरी’ छापायला कुणाचा हात कोण धरतो?

तरी भेसळीचा मला तेवढा राग नाही, जेवढा ‘शुगर हलणार नाही’ या वाक्याचा आहे. समजा, त्या डब्यात मामांच्या हातचा अस्सल गूळ असता, तरी अण्णांची शुगर चढलीच असती. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळात लोह, पोटॅशियम असतं, नाही असं नाही, पण चहातल्या चमचाभर गुळातून ते किती मिळणार! काकवी, मध, खजुराचा पाक, सगळ्यांचा हिशोब थोड्याफार फरकानं तोच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये गोडाची मर्यादा सांगितली, दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांखाली, शक्य तर ५ टक्क्यांखाली. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. त्यात मध आणि फळांचा रसही धरलेला आहे. पाटगावचा मध मीही आवडीनं आणते, पण तो मध म्हणून, शुगरचं औषध म्हणून नव्हे.

स्टीव्हियाच्या बाटलीची गंमत वेगळीच. पुढं हिरवं पान, मागं मुंगीएवढ्या अक्षरांत घटक. कायद्यानं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ही स्टार्चपासून बनवलेली पूड रक्तातली साखर झपाट्यानं वाढवते. स्टीव्हियाचा अर्क सगळ्यात शेवटी. आता असली बाटली घेताना मी आधी उलटी करते.

गुळाच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना नंबर होता. मोजला तर १३ आकडी. खरा १४ आकडी असतो आणि त्यांच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या वेबसाइटवर टाकला की धंद्याचं नाव येतं. नाव आलं तरी तो धंदा नोंदलेला आहे एवढंच कळतं, माल तपासलेला आहे असं नाही. त्यांच्या पत्रकात ‘मधुमेह मुळापासून बरा’ असंही होतं. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात अशा जाहिरातीला बंदी आहे, मधुमेह त्या यादीत नावानिशी आहे. पत्रक म्हणून फेकू नका, तोच पुरावा.

मी फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर तक्रार टाकलीय, पत्रक, डबा, चिठ्ठी, सगळ्याचे फोटो जोडून. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणं ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो, मात्र तसं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. आमचा डबा अर्धा संपला होता, ती वाट बंद झाली.

पैसे परत मागायला फोन केला तर “मॅडम, ह्यो गूळ सगळ्यांना सूट हुतोय, काकांचं पथ्य चुकलं असंल,” आणि मग नंबर ब्लॉक. टेबल आता रंकाळ्यावर नाही. शेजारच्या काकूंना दुसऱ्याच नावाचं पत्रक मिळालं, फोटो तोच, डबा तोच, फक्त ‘शुगर-फ्री’च्या जागी ‘रिफाइंड शुगर-फ्री’ आलंय. या शब्दांवर कायद्यानं त्यांना पकडणं अवघड, कारण गुळात रिफाइंड साखर नसतेच असं ते म्हणणार. तुम्हाला फोन आला तर आधी छापील पक्कं बिल आणि त्यावर पत्ता मागा. आमच्या काकूंनी मागितलं, तर समोरून फोनच ठेवला.