फाउंडेशन बॅच की दहावीनंतरची तयारी: इंदूरच्या पालकांसाठी एक तुलना

मध्य प्रदेशात हायस्कूल नववीपासून सुरू होते. त्याच्याही आधी, म्हणजे सहावी-सातवीतच, मुलाला फाउंडेशन बॅचमध्ये (पुढच्या प्रवेशपरीक्षांची पायाभरणी म्हणून शाळेबाहेर चालणाऱ्या कोचिंग वर्गात) घालावे की दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबावे, हा प्रश्न आता रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतील मराठी घरांनाही पडू लागला आहे. दोन्ही पर्याय ताडून पाहताना एक अडचण लगेच जाणवते: उत्तर बरेचसे मूल पुढे कोणत्या परीक्षेला बसणार यावर अवलंबून आहे आणि सहावीत ते बहुधा मुलालाही ठाऊक नसते.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाचा विचार आधी करू, कारण गीता भवन परिसरातील बहुतेक वर्ग याच दोन परीक्षांच्या नावाने चालतात. जेईई आणि नीट या दोन्हींचा अभ्यासक्रम मुख्यतः अकरावी-बारावीचा आहे. सातवीतल्या मुलाला तो शिकवता येत नाही, म्हणून फाउंडेशन बॅचमध्ये प्रत्यक्षात नववी-दहावीचे धडे दोन वर्षे आधी उरकले जातात. ज्याचे अपूर्णांक, गुणोत्तर आणि साधी समीकरणे पक्की आहेत त्याला यात थोडी गती मिळते. ज्याची ती कच्ची आहेत तो त्रिकोणमितीची सूत्रे पाठ करतो आणि मूळचा कच्चेपणा तसाच राहतो. उलट, दहावीनंतर सुरुवात करणाऱ्याचे गणित भक्कम असेल तर दोन वर्षे त्याला पुरतात, पण ते डळमळीत असेल तर अकरावीचे भौतिकशास्त्र सुरुवातीलाच अडते आणि मागे वळून दुरुस्ती करायला वेळ उरत नाही. थोडक्यात, थांबण्याचा धोका खरा आहे, मात्र तो गणितापुरता आहे. त्यावरचा उपाय आठवीपर्यंत शाळेच्याच पुस्तकातून, घरी किंवा एखाद्या चांगल्या शिकवणीत करता येतो.

कायदा आणि व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांचे चित्र निराळे आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आयआयएम इंदूरने 2011 मध्ये सुरू केला, त्यामुळे हा मार्ग आपल्या शहरातील मुलांना परका नाही. त्याच्या प्रवेशपरीक्षेत गणिताच्या बरोबरीने इंग्रजी भाषेचा स्वतंत्र विभाग असतो. विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेशपरीक्षेत तर जवळजवळ सगळेच प्रश्न उताऱ्यांवर येतात आणि गणित दहावीच्या पातळीच्या पुढे जात नाही. या परीक्षांसाठी लवकर सुरुवात केल्याचा फायदा निर्विवाद आहे, कारण वाचनाचा वेग आणि समज दोन वर्षांत घाईने येत नाही. पण सहावीपासून हवे ते रोजचे वाचन, आणि त्याला बॅचची गरज नाही. आपल्याकडच्या मुलाला घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा सहज बोलता येतात, मात्र तिन्हींपैकी एकाही भाषेतला लांब लेख शेवटपर्यंत वाचण्याची सवय पुष्कळदा नसते. ही उणीव आधी भरावी.

पैशाच्या आणि नियमाच्या बाजूने पाहिले तर पारडे थांबण्याकडे झुकते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्रांनी 16 वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये आणि नोंदणी दहावीच्या परीक्षेनंतरच करावी; अंमलबजावणी राज्यांकडे आहे. मधेच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी, असेही त्यांत म्हटले आहे. तरीही बॅच घ्यायचीच असेल तर तीन-चार वर्षांची फी एकदम भरू नये. राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षेचे नाव कोणी आमिष म्हणून घेत असेल तर ती योजना 2021 पासून थांबलेली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

खरोखर लवकर ठरवाव्या लागतात अशा गोष्टी वेगळ्याच आहेत आणि जाहिरातींत त्या क्वचितच दिसतात. मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या 5 टक्के जागा शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी राखीव असून त्यासाठी सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेले असावे लागते. शिक्षण हक्क कायद्याखाली आठवीपर्यंत खासगी शाळेत शिकून नववीपासून शासकीय शाळेत गेलेल्यांनाही ही सवलत आहे. शासकीय किंवा अनुदानित शाळेतील मुलाने आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा अवश्य द्यावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असल्यास निवड झालेल्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. मराठी घरांना विशेष लागू पडणारी अट महाराष्ट्राची आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी, थोडे अपवाद सोडल्यास, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. म्हणजे ‘दहावी झाली की आत्याकडे पुण्याला ठेवू’ हा बेत वैद्यकीयसाठी उशिराचा ठरतो; निर्णय नववीच्या आधीच व्हायला हवा.

फाउंडेशन बॅच कोणाला घेऊ द्यावी? मला वाटते, ज्याला गणिताची कोडी सुटेपर्यंत जेवण सुचत नाही, त्याला. गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला आठवीपासून बसता येते आणि तिच्यातील संख्यासिद्धांताची किंवा भूमितीची गोडी शाळेच्या पुस्तकात फारशी मिळत नाही. अशा मुलाला चांगले शिक्षक आणि तशीच चार मुले मिळाली तर तो खर्च सार्थकी लागतो. बाकीच्यांच्या बाबतीत शाळेनंतरचे तीन तास बॅचला दिले की खेळ, गाणे आणि वाचन यांपैकी काहीतरी सुटतेच, आणि दहावीपर्यंत अभ्यासाचा कंटाळा येण्याचीही भीती असते.

अजून निर्णय होत नसेल तर सातवीच्या सुट्टीत मुलाला सातवीच्याच गणिताची जुनी प्रश्नपत्रिका घरी, कोणाच्या मदतीशिवाय सोडवायला द्यावी. चुका आकडेमोडीत असतील तर सराव पुरेल. अपूर्णांक आणि समीकरणांतच अडत असेल तर आठवीचे वर्ष त्यासाठी द्यावे, आणि बॅचचा विचार त्यानंतर करावा.