फोटोत निरोप लपवायचाय: साधा एलएसबी की हॅमिंग कोड?

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्टेगॅनोग्राफी (फोटोत वगैरे निरोप लपवायची विद्या) घेतली की बहुतेक जण एलएसबीवर (लीस्ट सिग्निफिकंट बिट, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा बिट) थांबतात. पद्धत सोपी: रंगाच्या आकड्यातला शेवटचा बिट बदलायचा, १४२ चा १४३. सिद्धेश्वर तलावाच्या १००० × १००० पिक्सेलच्या रंगीत फोटोत ३० लाख बिट मावतात. डोळ्याला काही कळत नाही, पण काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय चाचणीला कळतं. फोटो गच्च भरला असेल तर हमखास.

हॅमिंग कोड मुळात डेटातल्या चुका दुरुस्त करायचा. इथे तोच उलटा वापरायचा. समजा सात पिक्सेलचे शेवटचे बिट १०११००१ आहेत. १ कुठे? जागा १, ३, ४, ७. त्यांचा एक्सॉर (आकडे बायनरीत मांडून बिट सारखे तिथे ०, वेगळे तिथे १) येतो १. लपवायचंय ५, म्हणजे बायनरीत १०१. १ आणि ५ चा एक्सॉर ४. चौथा बिट उलटा, झालं! सातात तीनच बिट लपले, पण बदल फक्त एक, म्हणून पकडणंही अवघड. २००१ च्या एफ-५ या स्टेगॅनोग्राफीच्या पद्धतीत हीच युक्ती आहे.

मजकूर छोटा असेल तर माझं मत हॅमिंगला. मोठी फाइल कोंबायची असेल तर एलएसबीला पर्याय नाही. एईएसचं (मजकूर सांकेतिक करायची पद्धत) कुलूप दोन्हीकडे आधी लावा. आणि फोटो पीएनजी या बिट न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवलात तर कॉम्प्रेशनमध्ये निरोप गेलाच.