लक्षद्वीप: कोचीहून जहाज घ्यावं की विमान?

मुंबईहून कोचीला जाणं सोपं आहे. विमानाने दोन तासांत पोचा, नाहीतर नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसून कोकण रेल्वेचे बोगदे मोजत जा. खरा घोळ पुढे सुरू होतो. मी दोन्ही मार्गांनी गेलोय, म्हणून सांगतो: आधी रात्री कुठे काढायच्या आहेत ते ठरवा.

जहाजाला बेटानुसार १४ ते २० तास लागतात. ‘समुद्रम’ सहल पाच दिवसांची. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दिवसा बघायचं, रात्री परत जहाजावर झोपायला यायचं. तीन बेटं होतात, पण एकाही बेटावरची पहाट मिळत नाही. तरी मिनिकॉयसाठी मी जहाजाच्या बाजूने आहे. १८८५चं दीपगृह, इतर बेटांवरच्या मल्याळमऐवजी कानावर पडणारी महल भाषा, गळ टाकून एकेक करून पकडलेला ट्यूना. हे बेट वेगळंच आहे.

आता उतरण्याचं. जहाज बऱ्याचदा लगूनबाहेर, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्याबाहेर, खोल पाण्यात थांबतं आणि खालच्या दारातून छोट्या होडीत पाय टाकायचा असतो. होडी घटकेत पायाशी येते, घटकेत हातभर खाली जाते. खलाशी दंड धरून ठेवतो, लाट होडीला वर आणते, तो ‘आता’ म्हणतो आणि आपण उतरायचं. भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये चढायची सवय असलेल्यांच्याही पोटात गोळा येतो. आईचे गुडघे दुखतात. कल्पेनीला ती उतरलीच नाही, दिवसभर डेकवरून लांबचे माड बघत बसली. आधी चौकशी न केल्याचं मला अजून वाईट वाटतं.

विमान दीड तासात अगत्ती बेटावर उतरतं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना पाणी, उतरताना खिडकी सोडवत नाही. एटीआर हे पंख्यांचं विमान छोटं, त्यामुळे सामान कमी न्या. हवा बिघडली तर उड्डाण लांबतं, म्हणून परतीत कोचीला एक दिवस मोकळा ठेवा. अगत्तीत राहिलात तर भल्या सकाळी लगूनमध्ये स्नॉर्केलिंग करता येतं, जवळच्या बंगारम बेटावर होडीने जाता येतं. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून विमान म्हणेन. बोट लागणाऱ्यांनाही तेच.

प्रवेश परवाना दोन्हीकडे लागतो, १९६७च्या नियमांनुसार. पोलीस पडताळणीला वेळ जातो, तेव्हा ते काम आधी हातात घ्या. ३६ बेटांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती १० बेटांवर. इतक्या नाजूक जागी ही अट मला रास्त वाटते. वाळूत पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, जहाजाच्या सहली बंद राहतात. जहाजाने जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च धरा. आईला या जानेवारीत अगत्तीला नेतोय, विमानाने.