गळती भिंतीत, बिल छपराचं

इंग्लंडात जुनं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका भिंतीने शेजाऱ्याला जोडलेलं घर घेतलं की पुष्कळदा त्याच्या पाठीला एक कन्झर्व्हेटरी, म्हणजे बागेकडची काचांची खोली, लागूनच येते. आमच्या रेडिंगच्या घरालाही आली. आधीच्या मालकाने २००६ साली बांधलेली, पांढऱ्या यूपीव्हीसी प्लास्टिकची चौकट, घराच्या भिंतीपासून बागेकडे एकाच उतरणीचं पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांचं, छप्पर. जुलैत आत बसवत नाही, जानेवारीत पाय ठेववत नाही. तरी कढीपत्त्याची कुंडी, पोरांच्या सायकली, ओले कपडे, मखराचं सामान असं घरात न मावणारं सगळं तिथेच. या खोलीच्या नावावर आमचे ६,४०० पौंड कसे गेले ते लिहिते आहे. आपल्या ओळखीतल्या आणखी दोन घरांत तीच माणसं जाऊन आली, हे कळल्यावर गप्प बसवेना.

मुळात तक्रार छोटी होती. छप्पर जिथे घराच्या भिंतीला टेकतं तिथून पाणी ठिपकायचं, तेही दरवेळी नाही. सरळ पाऊस रात्रभर पडला तरी आत कोरडं. वारा नैर्ऋत्येकडून सुटला आणि पाऊस भिंतीवर आपटायला लागला की अर्ध्या तासात थेंब सुरू. खरं निदान एवढ्यात होतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात एका सकाळी दारावर दोघं आले. अंगात पिवळी जाकिटं, बोलणं आदबशीर. "मागच्या रस्त्यावर काम चालू आहे, तिथून तुमच्या कन्झर्व्हेटरीची कॅप सुटलेली दिसली. फुकट बघून देतो." मागच्या रस्त्यावरून आमची कन्झर्व्हेटरी दिसतच नाही, मध्ये शेजाऱ्यांचं गॅरेज आहे. पण गळती खरोखरच चालू असली की माणूस या हिशेबात पडत नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. एकाने शिडी लावली, वर गेला, खाली येऊन यजमानांना फोनवर फोटो दाखवला. शेवाळलेला पत्रा, उचकटलेली कॅप म्हणजे वरची पट्टी. दाखवला म्हणजे डोळ्यांपुढून नेला. तोच फोटो पुढे त्यांच्या 'सर्व्हे रिपोर्ट'मध्ये नीट बघायला मिळाला. त्यात छपराच्या मधोमध आडवी कणा-पट्टी आणि तिच्या टोकाला नक्षीदार शेंडा होता. आमचं छप्पर एका उताराचं. त्याला ना कणा, ना शेंडा.

संध्याकाळी 'सर्व्हेअर' आला. टाय, टॅबलेट आणि दोन सुयांचं एक छोटं यंत्र. सुया त्याने खिडकीखालच्या प्लास्टरला टेकवल्या आणि यंत्र किंचाळायला लागलं. "बघा, भिंत भिजली आहे. छपरातून ओल उतरते आहे." या यंत्राबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळा खेळ त्याच्यावरच चालतो. हा मॉइश्चर मीटर मुळात लाकडासाठीचा. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते तेवढंच तो मोजतो. प्लास्टरवर त्याचा आकडा म्हणजे ओलीचं प्रमाण नव्हे. त्यातून पृष्ठभागावर बाष्प जमलेलं असलं, प्लास्टरमध्ये क्षार असले, तरी तो ओरडतोच. आमच्याकडे त्या दिवशी स्टँडवर दोन मशीनचे कपडे वाळत होते आणि काचांवरून पाणी ओघळत होतं. नोव्हेंबरात ज्या घरात कपडे वाळतात तिथे कुठेही सुया टेकवा, यंत्र बोंबलणार.

मग त्याने विचारलं, उन्हं आली की छपरातून टक-टक आवाज येतो का? येतो म्हटल्यावर मान हलवत म्हणाला, "स्ट्रक्चर सुटायला लागलंय." पॉलिकार्बोनेट उष्णतेने काचेपेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. पत्रा पट्ट्यांखाली सरकतो आणि आवाज करतो. बांधल्या दिवसापासून तो आवाज येत असणार. आमच्या आडनावावरून अंदाज घेऊन "तुमच्या लोकांची दोन घरं आम्हीच केली, फार समाधानी आहेत" हेही सांगून झालं. सरकारी ग्रीन अनुदानाचा उल्लेख झाला, ते लगेच 'याच महिन्यात संपलं' असंही झालं. इंग्लंडातलं ग्रीन होम्स ग्रँट मार्च २०२१ मध्येच बंद झालं होतं. माहितीपत्रकावर फेन्साचं चिन्हही होतं. फेन्सा ही घराच्या खिडक्या-दारं बदलण्याच्या कामाला सर्टिफिकेट देणारी योजना आहे. कन्झर्व्हेटरीच्या छपराला फेन्साचं सर्टिफिकेट मिळत नाही. हे चिन्ह दाखवून कुणी छप्पर विकत असेल तर तिथेच पाणी मुरतंय म्हणून समजा.

उपाय काय सुचवला? छपराला आतून लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यावर चंदेरी फॉइलचं इन्शुलेशन आणि खाली पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्यांचं सीलिंग. "गळती कायमची बंद, हीटिंगचं बिल निम्मं." भाव ९,८०० पौंड. मग मॅनेजरला फोन, मग 'आजच सही केलीत तर' ६,४००. तो माणूस जवळजवळ तीन तास उठला नाही. रात्रीचे नऊ वाजले, पोरांची जेवणं खोळंबली, आणि ३०० पौंडांची अनामत क्रेडिट कार्डावर घेऊनच तो गेला. सही टॅबलेटवर. कागद एक नाही.

दुसऱ्याच दिवशी माणसं हजर. कुणाचं तरी काम रद्द झालंय, तुमचं नशीब म्हणे. दोन दिवसांत सीलिंग लागलं, आणि दिसत होतंही झकास. ही घाई कशासाठी ते नंतर कळलं. घरी येऊन केलेल्या अशा कराराला २०१३ च्या ग्राहक-करार नियमांप्रमाणे १४ दिवसांत, कारण न देता, रद्द करण्याचा हक्क असतो. पण तुम्ही स्वतः काम लगेच सुरू करायला सांगितलंत, पूर्ण झाल्यावर हक्क जाईल हे मान्य केलंत, आणि काम त्या मुदतीत पुरं झालं, तर हक्क संपतो. टॅबलेटवर सहीच्या वरच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती, ती याचसाठी. त्यांचा डाव फसला तो दुसरीकडे. रद्द करण्याच्या हक्काची माहिती आणि फॉर्म ग्राहकाला आधी लेखी द्यावे लागतात, आणि ती दिली नाही तर १४ दिवसांची मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबते. आमचा करार ई-मेलवर आला तो काम संपल्यानंतर, आणि त्यात त्या हक्काचं नावसुद्धा नव्हतं.

उरलेले ६,१०० पौंड बँक ट्रान्सफरने मागितले. खातं टाकताच बँकेच्या ॲपने सांगितलं, खातेदाराचं नाव जुळत नाही. फोन केला तर उत्तर तयार: "ते आमच्या डायरेक्टरांचं खातं, कंपनीचं खातं बदलतंय." दारात फोरमन उभा, काम झालेलं, समोरचा हसतमुख. पैसे गेले. ॲपवर ती सूचना आली की सांगावं, कंपनीच्या नावाच्या खात्यावरच पैसे मिळतील, नाहीतर चेक घेऊन जा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

जानेवारीत वादळी पाऊस झाला. आता थेंब पडला नाही. फळ्यांच्या सांध्यांतून तपकिरी रेघा उतरल्या आणि खोलीला कोंदट, ओल्या पोत्यासारखा वास सुटला. कंपनीचं म्हणणं, हे बाष्प आहे, ते दहा वर्षांच्या गॅरंटीत बसत नाही. कंपनीज हाउस म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदणी कचेरी, तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहिलं. तिथे फुकट पाहता येतं. दहा वर्षांची गॅरंटी देणाऱ्या कंपनीला अजून वर्षही झालं नव्हतं. ज्या गॅरंटीमागे वेगळा विमा नाही, ती कंपनी जगेल तेवढीच.

शेवटी शेजारच्या आजींनी त्यांचा जुना रूफर, म्हणजे छपरं दुरुस्त करणारा, पाठवला. साठीचा, मितभाषी माणूस. त्याने यंत्र काढलं नाही. विचारलं एवढंच, कुठल्या वाऱ्याला गळतं? मग शिडी लावून छपराकडे न बघता भिंतीकडे बघत बसला. माझे वडील चिपळूणला मे महिन्यात कौलं शाकारणाऱ्याला हाच प्रश्न विचारायला लावायचे, त्यामुळे मला तिथेच धीर आला.

कन्झर्व्हेटरीचं छप्पर आणि घराची भिंत यांच्या सांध्यावर शिशाची पट्टी असते, तिला फ्लॅशिंग म्हणतात. तिची वरची कड विटांच्या दर्जेत, म्हणजे दोन थरांमधल्या सांध्यात, साधारण इंचभर आत खोचलेली असावी लागते, शिशाच्याच घड्यांची पाचर मारून घट्ट केलेली आणि वरून सीलंट भरलेली. खालची कड छपरावर दुमडते, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता छपरावर येतं आणि पन्हळीत जातं. आमच्याकडे शिसं नव्हतंच. करड्या रंगाची चिकटपट्टी, जिला इथे फ्लॅशबँड म्हणतात, विटांवर नुसती डकवलेली होती. ती तात्पुरत्या डागडुजीची वस्तू. त्याने बोट घातलं तर वरची कड हातभर सुटून आली आणि मागे हिरवट, ओली वीट दिसली. वाऱ्याने भिंतीवर आपटणारा पाऊस त्या फटीतून थेट आत. छपराचा काडीचा संबंध नाही. त्याने दर्जा कोरल्या, शिसं खोचलं, पाचरी मारल्या, सीलंट भरलं. ३४० पौंड, सामानासकट.

सीलिंगच्या दोन फळ्या त्याने उतरवल्या तेव्हा आत काय होतं ते पाहिलं. फॉइलवर पाणी साचून तळं झालं होतं, लाकडी पट्ट्यांवर काळी बुरशी. वर हवा खेळायला जागाच ठेवलेली नव्हती, त्यामुळे खोलीतल्या उबदार हवेतलं बाष्प फटींतून वर जाऊन गार पॉलिकार्बोनेटला लागलं की पाणी होऊन तिथेच मुरायचं. त्याहून वाईट म्हणजे काही स्क्रू इतके लांब होते की पट्टीऐवजी वरच्या पत्र्यात घुसले होते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा आतून नळ्या-नळ्यांचा पोकळ असतो. वरचं टोक बंद पट्टीने आणि खालचं टोक हवा जाईल पण धूळ-किडे शिरणार नाहीत अशा पट्टीने बंद करायचं असतं. मध्येच भोक पडलं की नळीत पाणी आणि शेवाळ शिरतं, आणि ते धुऊन निघत नाही. म्हणजे जे छप्पर धड होतं, ते यांनी बिघडवलं. आता दोन पत्रे बदलणं आलं. बदलताना ज्या बाजूवर उन्हापासून बचावाचा थर असतो ती बाजू वर राहील हे डोळ्यांनी बघा. उलटा लागलेला पत्रा काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो.

आणखी एक. पारदर्शक छप्पर काढून कौलांचं किंवा पॅनेलचं पक्कं छप्पर घालायचं तर बिल्डिंग रेग्युलेशनची, म्हणजे बांधकामाच्या नियमांखालची, मंजुरी लागते, आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील ती मागतो. आतून अस्तर मारणार असाल तरी आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला विचारा. "काही लागत नाही" हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून सोडू नका.

पैसे परत मिळाले का, हे सगळे विचारतात. मिळाले, आणि ते त्या ३०० पौंडांमुळे. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीच्या व्यवहारात एखादा हिस्सा जरी क्रेडिट कार्डावर भरला असेल, तरी पूर्ण व्यवहाराबद्दल कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागत नाही. करार रद्द केल्याचं पत्र, रूफरचा लेखी अहवाल आणि फोटो, कंपनीशी झालेले ई-मेल, आणि तो शेंड्याचा फोटो आमच्या बिनशेंड्याच्या छपराशेजारी ठेवून, असं सगळं कार्ड कंपनीला पाठवलं. पहिलं उत्तर नकाराचं आलं; बाकीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले असं कारण. रीतसर तक्रार केली आणि फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे बँका-कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाणार असं लिहिलं, तेव्हा सूर बदलला. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं होतं, ०८०८ २२३ ११३३. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे कौन्सिलच्या ग्राहक-संरक्षण खात्याकडे, तक्रार तिथूनच जाते, थेट जात नाही.

दरम्यान त्या कंपनीने स्वतःचं नाव रजिस्टरवरून काढून टाकण्याचा, म्हणजे कंपनीच बंद करण्याचा, अर्ज केला. पैसे येणं असलेला कुणीही त्याला कंपनीज हाउसकडे हरकत घेऊ शकतो, फी नाही. आम्ही घेतली, आणि ते काढणं तूर्त अडलं आहे. पण वोकिंगहॅमच्या एका मैत्रिणीच्या दारात गेल्या महिन्यात नवं माहितीपत्रक पडलं. नाव वेगळं, पत्ता वेगळा, आत छपराचा फोटो तोच, शेंड्यासकट. ब्रॅकनेल, वोकिंगहॅम, रेडिंग या भागात कुणी "मागच्या रस्त्यावरून दिसलं" म्हणत आलं, तर शिडी लावू देऊ नका, आणि माहितीपत्रक टाकून न देता मला त्याचा फोटो पाठवा. ट्रेडिंग स्टँडर्ड्सला जास्तीत जास्त घरांची नावं हवी आहेत.