संगणक पळतो, बिल अडते: तपकीर गल्लीतील खरेदीचा अनुभव

नारायण पेठेतील आमच्या छापखान्याचा कोअर टू ड्युओ संगणक थकल्यामुळे गेल्या महिन्यात तपकीर गल्लीतील एका दुकानातून बाराव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा नवा संगणक असेंबल करून घेतला. जुळणीत नाव ठेवायला जागा नाही. वायरी नीट बांधलेल्या, प्रत्येक भागाचे पक्के बिल दिलेले, आणि जी पीडीएफ उघडेपर्यंत पूर्वी चहा पिऊन व्हायचा ती आता लगेच उघडते.

दुकानदारांनी बजेट विचारले, रॅम किती हवी ते विचारले. संगणकावर चालवणार काय, हे मात्र विचारले नाही. आमची बिले टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरच्या १६ बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमवर निघतात. विंडोज ११ वर तो उघडताच ‘हे अ‍ॅप या संगणकावर चालणार नाही’ अशा अर्थाची निळी चौकट आली. ‘कंपॅटिबिलिटी मोड लावा, चालेल,’ असे दुकानातील मुलाने फोनवर सांगितले. पण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नसतो आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालेलीच नाही, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमसाठीचा तो मोड लावून काही होणार नव्हते.

यात प्रोसेसरच्या वेगाचा दोष नाही. तो दोष आम्ही पेंटियम टू घेतला तेव्हा भोगला होता: हाच प्रोग्रॅम सुरू होताना संगणकाचा वेग मोजायचा, त्या भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावेनासे झाले आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ येऊन सारे थांबले. तेव्हा एक पॅच लावून भागले होते.

या वेळी दुकानातील ज्येष्ठ इंजिनिअर स्वतः आले आणि त्यांनी विंडोजच्या आत जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स हा प्रोग्रॅम बसवून तासाभरात प्रोग्रॅम सुरू करून दिला. वर एक पैसाही घेतला नाही. नव्या मदरबोर्डला पॅरलल पोर्ट, म्हणजे जुने प्रिंटर जोडायची जागा, नसल्याने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबी केबलने जोडावा लागला. आता बिलातील अक्षरे प्रिंटरकडे चित्र म्हणून जातात, त्यामुळे छपाई जुन्या संगणकापेक्षाही संथ होते.

जुळणीला पाच तारे, विक्रीपूर्व सल्ल्याला दोन. जुना संगणक मोडीत काढलेला नाही. महिनाअखेरीची बिले अजून त्याच्यावरच निघतात.