गणपती पेठेतल्या फ्रेमवाल्याकडनं 'व्हॉक्सहॉल गार्डन्स' करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

सांगलीत प्रिंट अन् फ्रेमिंग एकाच दुकानात चांगलं मिळतं, फक्त फाईल देताना पोरांच्या डोक्यावर उभं राहायला लागतं. नाव टाकत नाही, काका ओळखीचे आहेत आणि खाली तक्रार पण आहे.

चित्र थॉमस रोलँडसन ह्या इंग्रज चित्रकाराचं, लंडनच्या व्हॉक्सहॉल ह्या करमणुकीच्या बागेचं. मूळ वॉटरकलर 1784 चं, त्यावरनं पोलार्ड आणि ज्यूक्स ह्या छापचित्रकारांनी 1785 ला प्रिंट काढली, ती न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर फुकट मिळते. चित्रकलेतला रोमँटिक काळ म्हटलं की सगळ्यांना टर्नरच्या चित्रांतली वादळं आठवतात, हा गडी मात्र लंडनच्या गर्दीत रमलेला. एक शिलिंगचं तिकीट काढून बागेत आलेली मंडळी, वर सज्जात गाणारी बाई, मागं वाजवणारे, खाली जेवणाच्या बॉक्समधली माणसं गाण्याकडं ढुंकूनही न बघता जेवतायत (तिथलं हॅम इतकं पातळ कापायचे की लोक त्यावरनं टर उडवायचे) आणि उजवीकडं प्रिन्स ऑफ वेल्स एका बाईच्या कानाशी लागलाय. संध्याकाळी सांगलीच्या आमराई बागेत चक्कर मारा, हेच दिसतंय, राजपुत्र तेवढा सोडून.

आता काम. रोलँडसनचं म्हणजे आधी शाईची नाचरी रेघ, वरनं पाणीदार रंगाचा पातळ थर (वॉश), खालचा कागद दिसलाच पाहिजे. पोरानं "क्लिअर करून देतो" म्हणत ऑटो करेक्शन मारलं आणि ग्लॉसीवर काढलं. कागद पांढराफट्ट, झाडं हिरवीगार, बायकांचे गाल लालभडक, ॲक्वाटिंटचे (वॉशसारख्या छटा देणारी जुनी छपाई) बारीक दाणे तर गायबच. काकांनी बघितलं, एका शब्दानं वाद न घालता करेक्शन बंद करून मॅट पेपरवर परत काढून दिलं, जादा पैसे पण नाही घेतले. ह्यासाठी पूर्ण मार्क.

फ्रेमिंग झकास. क्रीम माउंट, तिरका कट, हातानं कापतात तरी कोपरे बिनचूक. सोनेरी नक्षीची पट्टी गळ्यात मारायला बघतात, सरळ नाही म्हणा, लाकडाची बारीक पट्टीच शोभते. काच मात्र साधी, समोरची ट्यूबलाइट थेट व्हॉक्सहॉलच्या झाडांत दिसते. नॉन-ग्लेअर मिळते पण मागवायला लागते. दिलेली तारीख पाळत नाहीत आणि फोन तर उचलतच नाहीत, जाऊनच बसायचं.

ए2 साइज, सगळं धरून अडीच हजाराच्या आत. पुढं 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' ह्या चित्रांच्या पुस्तकातली दोन पानं टाकणार आहे (1808 ते 1810, इमारती प्युजिनच्या, माणसं रोलँडसनची), काच आधीच सांगून.