८०० किलोमीटरवरची डीआर साइट निघाली त्याच इमारतीत

डीआर साइट (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य साइट बंद पडली तर कामी येणारी दुसरी जागा) घेणाऱ्यांनी सावध व्हावं म्हणून हे लिहितोय. आम्ही एका होस्टिंग कंपनीकडून स्टोरेज रेप्लिकेशनची, म्हणजे डेटाची दुसरी प्रत सतत ठेवण्याची, सेवा घेतली. करारात साफ लिहिलं होतं: दुसरी प्रत ८०० किलोमीटरवरच्या डेटा सेंटरमध्ये, सिंक्रोनस (प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकदमच), आरपीओ (किती वेळाचा डेटा गमवावा लागू शकतो) शून्य. म्हणजे मुख्य साइट कोसळली तरी एकही व्यवहार हरवणार नाही. डॅशबोर्डवर दोन शहरांची नावं, मधे हिरवी रेघ, खाली 'इन सिंक'. बिलात लांब पल्ल्याच्या लिंकचं भाडं वेगळं.

ड्रिलचा (मुख्य साइट तोडून दुसरी चालते का, या चाचणीचा) विषय काढला की मात्र टोलवाटोलवी. कधी मेंटेनन्स चालू, कधी तिकडचा इंजिनिअर रजेवर. शेवटी स्क्रीनशॉट पाठवून बोळवण.

बिंग फुटलं ते लेटन्सीमुळे, म्हणजे डेटा लिहायला लागणाऱ्या वेळेमुळे. आमची डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) लॉग चाळत होती. स्टोरेजवरचा प्रत्येक राइट अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उरकत होता. सिंक्रोनसमध्ये पलीकडून पोच आल्याशिवाय राइट पूर्ण होत नाही, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ८०० किलोमीटर जाऊन यायचं तर ८ मिलिसेकंद लागणारच. केबल वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. कितीही महागडा ॲरे (स्टोरेजचं यंत्र) लावा, यातून सुटका नाही.

"आमचं खास ऑप्टिमायझेशन आहे," असं उत्तर मिळालं. हे ऐकून संताप आला, कारण लोक अशाच उत्तरावर गप्प बसतात. पलीकडच्या ॲरेचा सिरीयल नंबर आणि रॅकचा (यंत्रं बसवायच्या कपाटाचा) पत्ता लेखी मागितला, तेव्हा कुठे कबुली आली: प्रत त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. वीजही तीच. दूरच्या साइटवर आमच्या नावाचा रॅकच नव्हता.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, अशा काही ग्राहकांचं सगळंच गेलं. आमचंही तेच झालं असतं.

एवढ्या अंतरावर रेप्लिकेशन सहसा असिंक्रोनस (पलीकडच्या पोचेची वाट न पाहणारं) असतं आणि आरपीओ काही सेकंद किंवा मिनिटांचा धरतात. प्रामाणिक कंपनी हे आधीच सांगते. शून्य आरपीओ हवाच असेल, तर राइट मंदावलेले दिसायलाच हवेत. ते दिसत नसतील तर बिल चुकतं करण्याआधी रॅकचा पत्ता मागा.

भाड्याचा परतावा आम्ही मागितलाय, वाद चालू आहे. नव्या कंपनीच्या करारात कलम घातलंय: ड्रिलच्या दिवशी मुख्य साइटची लिंक आम्ही तोडणार, आणि पलीकडच्या रॅकसमोर आमचा माणूस उभा असणार.